डब्याचं झाकण

"हलू नको वं!" बाबा ओरडले आणि प्रेमिला मेथीसाठी खणलेल्या वाफ्यात पाय रोवून तशीच थिजली. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग काढणाऱ्या बाबांना नागपूरला परतून बारा वर्षं झाली होती; तरी उकरलेली माती दिसली की ते पुन्हा सरहद्दीवर पोचत. धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं, चेहरे विसरतील, लढाई नाही. काही सापडल्याशिवाय ते जेवायला उठत नसत, म्हणून आई दर वाफ्यात तेलाच्या डब्याचं झाकण पुरून ठेवी. आज ते नेमकं प्रेमिलाच्याच टाचेखाली होतं. बाबा सुरुंग चाचपायला विणायची सुई मातीत तिरपी खुपसत जवळ आले. टक्! एरवी थरथरणारे हात स्थिर झाले. त्यांनी झाकण अलगद ओढून काढलं, कपाळ पुसलं. "जा आता. माझी प्रेमिला घरी वाट पाहून राहिली, सहा वर्षांची आहे. येतो म्हणून सांगशील तिले?" "सांगीन, हवालदारसाहेब."