बर्फावरचे टायर

तात्यासाहेब इंगवले फाटकाबाहेर उकिडवे बसून मातीकडे पाहत होते. दवाने ओल्या झालेल्या मातीत चाकांच्या दोन रेघा उमटल्या होत्या. खोल, जाड, नागमोडी नक्षीच्या. त्या फाटकापर्यंत आल्या होत्या, थांबल्या होत्या आणि परत फिरल्या होत्या. आजूबाजूला खुरांची गर्दी होती, पण ती गल्लीत बारमाही असायची.

"सकाळी सकाळी काय हरवलं?" दारातून अक्काने विचारले. ही त्यांची थोरली बहीण. बायको गेल्यापासून घर हिच्याच आवाजावर चाले.

"काही नाही," तात्या म्हणाले आणि पायाने नक्षी पुसली.

ती नक्षी शाहूपुरीत सगळ्यांच्या ओळखीची होती. गुळाचे अडते जोतीराम चव्हाण यांचा मुलगा बाळासो विलायतेला शेतकी शिकायला गेला आणि शेतकी सोडून बाकी बरेच शिकून आला. येताना त्याने दोन माणसांची लाल स्पोर्ट्स मोटार आणली आणि तिच्यासाठी थंडीत घालायचे वेगळे टायर. थंडीत साधे रबर कडक होते, पकड सुटते, असे तो चारचौघांत सांगे. कोल्हापुरात बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या रंध्यावर, हे त्याला सांगण्याचे धाडस कोणी केले नाही. जोतीरामांनी तर पाडव्याला त्या टायरांना हळदकुंकू वाहिले. जिल्ह्यात तसे दुसरे टायर नव्हते.

आणि ते टायर आता रोज पहाटे तात्यांच्या फाटकाशी येऊन जात होते. घरात लग्नाची मुलगी होती.

तात्यांनी संस्थानात मामलेदारकी केली होती. संस्थान विलीन झाले, मामलेदारकीही त्याच्याबरोबर गेली. अब्रू तेवढी विलीन व्हायची राहिली होती.

मोटार आलेली ऐकू कशी येत नाही, असे त्यांनी स्वतःला विचारून पाहिले. पण या हिवाळ्यात त्यांना कशानेच जाग येत नव्हती. ऊन अंगावर आल्यावर डोळा उघडायचा. वय झाले, कान गेले, अशी त्यांनी समजूत घातली.

"अक्का, पहाटे फाटकाशी कोणी येतं का?"

"मला काय ठावं? थंडीत माझं गुडघं धरत्यात. दूधबी नंदीच घेती. त्या उचगावच्या कृष्णातला इचार की, दूध घालून कालेजात जातोय, शाना हाय."

"दूधवाल्याशी घरच्या अब्रूच्या गोष्टी बोलायच्या नसतात."

"मग मातीला इचारत बस," अक्का म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी त्यांनी नंदिनीला समोर बसवले. ती वाती वळत होती.

"पहाटे फाटकाशी कोण येतं?"

वात अर्धी राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला डोळे आहेत."

नंदिनीने मान खाली घातली. बापासमोर नाव घेणे तिला शक्य नव्हते आणि त्या नावाने तात्यांना आपले तोंड विटाळायचे नव्हते. त्यामुळे पुढचे सगळे बोलणे नावावाचूनच झाले.

"लग्नाचा विचार आहे त्याचा, का नुसतंच?"

"आहे. पण त्यांचं घर तुम्हाला चालणार नाही, म्हणून..."

"घर मला माहीत आहे. चालवून घेईन. दुसरं काय हातात ठेवलंयस?"

नंदिनीने वाकून त्यांच्या पायांवर डोके टेकले. पाय ओले झाले. तात्यांना वाटले, पश्चात्ताप झाला पोरीला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जोतीरामांच्या पेढीवर गेले. मागच्या पडवीत लाल मोटार उभी होती, हुडहुडी भरल्यासारखी जमिनीपर्यंत गोणपाटांत गुंडाळलेली. जोतीरामांनी सगळे ऐकून घेतले आणि मुलाला हाक मारली.

"मी यांच्या दारात कधी गेलेलो नाही," बाळासो म्हणाला. "दिवाळीनंतर गाडी जागची हललेली नाही."

"मग टायर एकटंच फिराय जात्यात व्हय रं?"

बाळासोने गोणपाटांकडे पाहिले, मग बापाकडे. मग पायाने गोणपाटाची कड चाकाशी आणखी सारली. मामलेदारकीत तात्यांनी असले चेहरे पुष्कळ पाहिले होते.

"पोरगी बघितलीया न्हवं?" जोतीरामांनी विचारले.

"देवळात. एकदा."

"मग आता घरात बघ. मामलेदार, आमच्याकडनं होकार. पोराला ह्या मोटारीपायी कोन पोरगी देत नव्हतं, तुम्ही मोटारीपायीच दिली. अंबाबाईची करनी."

पेढीवरचीच पाच माणसे बोलावून सुपारी फोडली. तात्यांनी शब्द दिला. इंगवल्यांचा शब्द मागे गेल्याचे कोल्हापुरात कोणी ऐकले नव्हते.

घरी येऊन ते नंदिनीला एवढेच म्हणाले, "ठरलं. बाकीचं सकाळी बोलू." ती आत पळाली.

त्या पहाटे जाग त्यांना आपोआप आली. किती तरी दिवसांनी मन हलके झाले होते. जावयाला एकदा गाठून सांगावे, आता उजेडी येत जा, म्हणून ते कांबळे पांघरून फाटकाशी उभे राहिले.

धुक्यातून मोटार आली नाही. बैलांचे वाफाळलेले श्वास आले, मागून दुधाच्या घागरी आल्या. गाडी इतकी गुपचूप येऊन थांबली, की तात्या दचकले. त्यांनी खाली पाहिले. लाकडी चाके नव्हती, लोखंडी धावही नव्हती. मोटारीची चाके होती, जाड रबराची, नागमोडी नक्षीची.

"खडखड गेली बघा," गाडीवरून उडी मारत कृष्णात म्हणाला. "चव्हाणांच्या धाकल्या मालकांनी दिलेत. मोटारीखाली लई घुमत्यात म्हणाले. थोरल्या मालकांस्नी तेवढं सांगू नको म्हणालेत."

मागे दार वाजले. नंदिनी दुधाचे पातेले घेऊन उंबऱ्यात आली होती. एवढ्या पहाटे तिने नवे लुगडे नेसले होते.

कृष्णातने माप खाली ठेवले, हात पटक्याला पुसले आणि वाकून तात्यांच्या पायांना हात लावला.

"आमचं आबा दुपारी सुपारी घेऊन येत्यात," तो म्हणाला.