स्वागताची धून

"सेल्टिक नाही हो काका, केल्टिक!" स्कॉटलंडच्या संगीताच्या कार्यक्रमाच्या दारातच संयोजक बाईंनी सगळ्यांदेखत माझा उच्चार सुधारला. मीही बॅगपाईप वाजवतो म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं. "वरातीत वाजवत असाल. हे वेगळं असतं."

पेपरातली चार ओळींची बातमी वाचून मी दोन एसट्या बदलून आलो होतो. पलटणीच्या बँडमध्ये बावीस वर्षं वाजवलं, हे ऐकायलाही बाई थांबल्या नाहीत. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

प्रमुख पाहुणे आत येताच स्टेजवरच्या बॅगपाईपवाल्यानं स्वागताची धून धरली. मी ताडकन उठलो, टोपी काढली आणि मान खाली घातली.

"आवडली ना?" बाई हसत जवळ आल्या.

"ही आम्ही जवानाची अंत्ययात्रा निघाली की वाजवायचो. तुमचे पाहुणे कधी वारले?"