रिकामी होणारी पेटी

सकाळी दहाला अम्मानच्या इस्पितळात संगणक विभागातल्या रिहाबच्या हातून क्लाउडवरचे सगळ्या रुग्णांचे स्कॅन पुसले गेले. बाराला एका मुलीच्या मेंदूतली गाठ काढायची होती आणि स्कॅनशिवाय सर्जनबाई सुरीला हात लावणार नव्हत्या. "मीच पुसले," तिने विभागप्रमुख नुमानसाहेबांना सरळ सांगितलं. "आधी परत आण, मग रड," साहेब म्हणाले. पुसलेल्या फायली क्लाउडच्या कचरापेटीत होत्या, पण साडेदहाला ती आपोआप कायमची रिकामी होणार होती. सहा मिनिटं उरली असताना रिहाबने ते थांबवलं. मग हजारो फायलींतून मुलीचा स्कॅन शोधून आधी परत आणला. फोन वाजला. "दिसतोय गं, अगदी स्पष्ट!" सर्जनबाई ओरडल्या. चारपर्यंत शेवटची फाईलही परतली आणि अख्ख्या खोलीने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सर्जनबाई स्वतः खाली आल्या. "पोरगी शुद्धीवर आलीय," त्या म्हणाल्या, "आणि गोड गोड कुनाफा खायला मागतेय!"