भरलेला वाडगा

सकाळची प्रार्थना संपताच संशोधक इरिनी संस्थापक संतांच्या हाडाच्या रासायनिक तपासणीचा निकाल घेऊन नाईलकाठच्या ख्रिस्ती मठात पोचली. ते आयुष्यभर भाकरी आणि मिठावर जगले, अशी श्रद्धा होती. त्यांच्यासारखंच व्रत धरलेला साधू हद्रा अंथरुणाला खिळला होता. “बोल पोरी, नाईलचे मासे खायचे ना संत?” मठप्रमुखांनी आशेनं विचारलं. “अबूना, मासे खाल्ले असतील, किंवा उपासमारीत शरीरानं स्वतःचंच मांस जाळलं असेल. दोन्हींत हाड सारखंच बोलतं.” “एवढं शिकून दोन दगडांवर पाय? मासेच म्हण, म्हणजे तो जेवेल!” “हाड तसं म्हणत नाही, अबूना.” तेवढ्यात हद्राच्या खोलीतून माशाच्या रश्श्याचा वाडगा भरलेलाच परत आला. मठप्रमुख तो पुन्हा गरम करवून स्वतःच तिकडे घेऊन गेले. हद्राला काय सांगणार, हे इरिनीनं विचारलं नाही. दुपारच्या घंटेपर्यंत वाडगा परतला नव्हता.