काकूंची सही

त्या देशात परदेशी माणसाच्या नावावर गाडी होत नव्हती. फिरायला आलेल्या एका तरुणाने ओळखीच्या शिलाईवाल्या काकूंकडून त्यांच्या दिवंगत नवऱ्याची मोटरसायकल विकत घेतली, तेव्हा कागद काकूंच्याच नावावर राहिले. सीमेवर अधिकाऱ्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "मालकिणीची सही आणा, नाहीतर तिलाच सोबत आणा."

त्याने काकूंना फोन लावला.

"हलू नका तिथून," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

  पाच तासांनी बसमधून काकू उतरल्या. त्याने घाईघाईने पेन पुढे केलं.



काकू पेन बाजूला सारून मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसल्या. "पुढच्या वर्षी पलीकडे नेतो, असं म्हणत म्हणत हे गेले. तुम्ही तरी न्याल ना?"