तक्त्याची शेवटची ओळ

"दोन्ही मशीन चालू करा, मी ऐकून ठरवते," म्हणत तिने पांढरी काठी घडी करून माझ्या काउंटरवर ठेवली. सोमवारी तिची घरून करायची नोकरी सुरू होणार होती आणि कॉम्प्युटर मोठ्याने वाचून दाखवेल तेवढंच तिचं वाचन.

दोन्हींतले प्रोसेसर स्वस्तातलेच. "पण हा हजाराने महाग आहे, म्हणजे वेगवान," मी ठासून सांगितलं आणि दोन्हींवर मीच बनवलेला, या दोन प्रोसेसरच्या सहा चाचण्यांच्या गुणांचा तक्ता उघडला. तिने वाचनाचा वेग पार टोकाला नेला. मिक्सर फिरावा तशी घरघर सुरू झाली. मला एक अक्षर कळेना. ती मात्र बटणं दाबत शांतपणे ऐकत होती.

"स्वस्तवाला लगेच बोलतो. महागडा आधी जरा थबकतो."

"शक्यच नाही! बेरीज बघा ना," मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"ऐकली. शेवटच्या ओळीत दोघांच्या बेरजा उलट्या पडल्यात, दादा."

मी कॅल्क्युलेटर ओढला. खरंच की!

वर्षभर तोच तक्ता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत होतो. एकालाही दिसलं नव्हतं. मलासुद्धा.