दांड्यावरचं लाल स्टिकर

अण्णा दारापुढे उकिडवे बसून सायकलच्या दांड्यावरचं स्टिकर नखानं खरवडत होते. नख तुटलं, तेव्हा आत जाऊन भाजी चिरायची सुरी घेऊन आले. ऑफिसला निघालेला मुलगा ते बघून पायरीवरच थबकला.

स्टिकर त्यानंच करून आणलं होतं. ठसठशीत लाल अक्षरांत: 'हे गृहस्थ रस्ता विसरतात. आढळल्यास फोन करा.' खाली त्याचा नंबर. परवा अण्णा भलत्याच गल्लीत, परक्या माणसाच्या कुलपाला आपली किल्ली लावत बसले होते. त्यानंतर, ते दुपारचे झोपलेले असताना, त्यानं ते चिकटवलं. विचारलं नव्हतं.

"अण्णा, सुरी नको. रंग जाईल."

"जाऊ दे."

"पण काढताय कशाला? तुमच्याच सोयीसाठी लावलंय ना?"

अण्णांनी मान वर केली नाही. "काल हवा भरायला थांबलो होतो. पंक्चरवाल्यानं वाचलं. मोठ्यानं वाचलं. मग तिथल्या एका पोरीनं माझा हात धरला आणि घरापर्यंत आणून सोडलं. चांगली होती बिचारी. वाटभर विचारत होती, आजोबा, पाय दुखतायत का?" त्यांनी सुरीचं टोक पुन्हा स्टिकरच्या कडेला लावलं. "मला रस्ता येत होता रे. पण माझं ऐकतंय कोण? दांड्यावर लिहिलेलं ना!"

मुलगा पायरी उतरून त्यांच्याजवळ आला. स्टिकर लावताना अण्णांची काळजी होती, हे खरं. पण परवा त्या परक्या दारात हात जोडून माफी मागताना आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि ती लाल अक्षरं त्या रागात निवडली होती, हेही त्याला आता आठवलं.

डबा खाली ठेवून तो आत गेला. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला, वायर खिडकीतून बाहेर ओढली. गरम हवेनं स्टिकरचा कोपरा सुटला. तो हवा मारत राहिला, अण्णा हळूहळू ओढत राहिले. 'गृहस्थ' आधी निघालं, मग 'रस्ता'. उरलेला चिकटा तेलाच्या बोटानं निघाला. दोघांपैकी कुणीच एकमेकांकडे बघितलं नाही.

अण्णांनी फडक्यानं दांडा पुसला. मग तेच फडकं बराच वेळ हातात चुरगाळत उभे राहिले.

"असं कर," ते म्हणाले, "एक नवीन करून आण. सीटच्या खाली लाव. वाकल्याशिवाय कुणाला दिसता कामा नये."

"बरं. अगदी बारीक अक्षरात करतो."

"बारीक नको," अण्णा म्हणाले. "आणि घराचा पत्ताही घाल. मला वाचता आला पाहिजे."